फार्मवरची पोरं

“एकोणीस वर्षांचा आहे रे, घाई कशाला? हाताला ताकद आहे, पण अजून कच्चा आहे. वर्षभर फार्मवरच ठेवायला हवा… आत्ताच वर आणला तर फुकट जाईल.”

हे शब्द कानावर पडले तेव्हा माझ्या डोळ्यांत धूळ होती, दातांखाली धूळ होती आणि छातीशी धरलेल्या पिशवीतल्या खुबूस रोट्या अजून गरम होत्या. शुक्रवारची सकाळ. कुवेतमधल्या आमच्या अबू हलीफात धुळीचं असं वादळ सुटलं होतं की समोरची इमारत दिसेना. आमच्या इमारतीचं काचेचं दार मी ओढत होते आणि वारा ते परत लावत होता. शेवटी आतल्या माणसानं एका हातानं मोबाइल कानाला धरून दुसऱ्या हातानं दार ढकललं.

“या, या, लवकर!” तो म्हणाला. तोच फोनवरचा आवाज, चक्क मराठीत.

मी ओढणी तोंडावरून काढली. तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी मुळीच बघत नव्हते… म्हणजे, गालावर खळी पडते एवढंच दिसलं. माझे कान त्या ‘फार्म’वर अडकले होते.

फार्म म्हटलं की लोकांना काहीतरी हिरवंगार आठवतं. मला माझा आतेभाऊ आठवतो. शत्रुघ्नदादा गावाकडे उत्तम वायरमन होता. ‘कुवेतला रिफायनरीत काम’ म्हणून एका एजंटानं त्याला पाठवला आणि विमानतळावरून थेट वाळवंटातल्या वफ्राच्या फार्मवर नेऊन सोडला. बकऱ्या राखायला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, फोन नाही, बोलायला माणूस नाही. आम्हाला तो सापडेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला. आता गावी असतो, पण कुणी मोठ्यानं हाक मारली तरी ताडकन उठून उभा राहतो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पिते. त्यातून सलवाच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी. माणसाच्या आत काय आहे ते बघण्याचाच मला पगार मिळतो.

म्हणून लिफ्टमध्ये तो “मी ओंकार, तिसऱ्या मजल्यावर नवीन आलोय,” म्हणाला, तेव्हा मी फक्त मान हलवली. मनात म्हटलं, खळीवाला एजंट! पोरं आणतोस, फार्मवर ठेवतोस आणि वर दारही धरतोस?

पण नशीब बघा. मी ज्या ताई-भावोजींकडे राहते, त्या भावोजींच्याच मीना अब्दुल्लाच्या ऑफिसात हा ओंकार इंजिनीअर निघाला. विश्वासभावोजींना मराठी माणूस भेटला की त्याला जेवायला बोलावल्याशिवाय झोप येत नाही. पुढच्या शुक्रवारी तो आमच्या टेबलाशी बसून शर्मिलाताईच्या हातची सोलकढी पीत होता, आणि मी समोर बसून चौकशी चालवली होती.

“नोकरी सोडून आणखी काय करता?”

“काही नाही. फावल्या वेळात थोडी पारख.”

“कशाची?”

“पोरांची… म्हणजे…” तो अडखळला. “जाऊ दे. तुम्ही हसाल.”

“मी सहसा हसत नाही.”

“हसा की. हसतील त्याचे दात दिसतील. तुमचे तर अजून दिसलेच नाहीत.”

“विषय बदलू नका. कान का लाल झाले तुमचे?”

“चोराच्या मनात चांदणं,” तो वाटीत बघत म्हणाला. मग हळूच वर बघून, “आणि कौमुदी म्हणजे चांदणंच ना?”

ताई फिस्सकन हसली. मलाही ते आवडलं, अगदी खरं सांगते. पण हात धुताना लक्षात आलं, ह्यानं स्वतःला चोर म्हणून घेतलं की!

त्यानंतर तो भेटतच राहिला. कधी खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, दुधापाशी, कधी माझ्या दवाखान्याच्या व्हॅनची वाट बघताना. एकदा मंगफच्या दुकानातून अळूची ताजी पानं घेऊन आला. “कोकणातल्या माणसांना कुवेतमध्ये काय द्यावं, कळेना,” म्हणाला. गुलाब आणले असते तर मी लगेच सावध झाले असते. अळूवर काय संशय घ्यायचा? तरी घेतलाच. इतका गोड माणूस फुकट गोड कसा असेल?

“तुम्ही माझ्याकडे नेहमी पोलिसासारख्या का बघता?” त्यानं एकदा विचारलं.

“तुम्ही काही केलंय का?”

“अजून तरी नाही…” तो म्हणाला, आणि ते ‘अजून’ असं काही लांबवलं की व्हॅन आली तरी मला कळलं नाही.

आणि मग जिन्यात ते दुसरं बोलणं ऐकलं. लिफ्ट बंद होती, मी वर चढत होते, तो वरच्या वळणावर फोनवर होता.

“कोपराचं ऑपरेशन झालंय त्याचं. आता काय उपयोग? काढून टाका म्हणून लिहू. नाहीतर त्याला देऊन बदल्यात दोन पोरं मागायला हवीत… हो, दोन्ही फार्मवरची.”

मी खालच्याच पायरीवर थांबले. कोपर मोडलेली माणसं मी रोज बघते. फिल्म काढताना ती एकच विचारतात: मॅडम, काम करता येईल ना? आणि हा म्हणतो, काढून टाका.

दुसऱ्या दिवशी मी खडा टाकून बघितला. म्हटलं, “आमच्या ओळखीत एक वायरमन आहे. त्याला इकडे यायचंय. व्हिसाचं काही जमेल का तुमच्याकडून?”

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. “व्हिसाचे पैसे मागणाऱ्या माणसाचं तोंडसुद्धा बघू देऊ नका त्याला. कंपनीचं पत्र हातात आल्याशिवाय घर सोडायचं नाही, सांगा.”

दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. मला वाटलं, मुरलेला आहे.

अशातच नाशिकहून त्याच्या आईचा ताईला फोन आला. मुलाला मुलगी पसंत आहे, तुमच्याकडून काय ते कळवा. आम्ही वाट बघतोय. ताईचा आनंद स्वयंपाकघरात मावेना. मी कांदा चिरत होते.

“नाही म्हणून सांग,” मी म्हटलं.

“का गं? काय वाईट आहे त्याच्यात?”

“आवडला नाही.”

धादांत खोटं. मला तो आवडत होता, फार आवडत होता. जिन्यात पावलं वाजली की माझी मान आपोआप वळायची. पण ज्या माणसापायी आणखी कुणाचा शत्रुघ्नदादा होणार, त्याच्या नावाचं मंगळसूत्र मी कशी घालू? ताईला खरं कारण सांगवेना. भावोजींच्या ऑफिसात बोभाटा झाला असता, आणि पुरावा तरी काय होता माझ्याकडे? त्या दिवशी कांद्याचं निमित्त बरं मिळालं.

ताईनं भावोजींना सांगितलं, भावोजींनी ओंकारला. तो दोन-तीन दिवस दिसला नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो, तर तो आमच्या वाटेत उभा. हवा दमट, चिकट; पाण्यावरून गरम वारा येत होता. भावोजी ताईला म्हणाले, “चल, आपण कणसं बघू,” आणि दोघं मुद्दाम लांब गेली.

“नकार मान्य आहे,” ओंकार म्हणाला. “पण कारण सांगा. ‘आवडला नाही’ हे खरं नाही.”

“कशावरून?”

“आवडत नाही त्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण कुणी दाखवत नाही. तुम्ही दाखवलंत.”

मग काय झालं कोण जाणे, इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

“तुम्ही पोरं विकता!”

“काय?”

“मी ऐकलंय. एकोणीस वर्षांच्या पोराला फार्मवर ठेवायचं म्हणालात. कोपर मोडलेल्याला काढून टाकायचं, बदल्यात दोन मागायची! माझ्या आतेभावाला असंच कुणीतरी फोनवर बसून वफ्राला पाठवलं होतं. बकऱ्यांत राहून राहून माणूस बोलायचा थांबला हो तो…”

ओंकारच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते माझे डोळे बघून जागच्या जागी विझलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

“शैलेश. अमेरिकेत असतो, माझा कॉलेजचा रूममेट. मी काही सांगत नाही. तुम्हीच विचारा.”

पलीकडून झोपाळू आवाज आला, “बोल ओंक्या.”

“मी कौमुदी बोलतेय. तुम्ही आणि ओंकार कुठली पोरं विकता?”

मग तो माणूस खोकल्यासारखा हसत सुटला. “विकायला आमची कुठली लायकी, वहिनी! बेसबॉलची टीम आहे. आम्ही दोघं नुसते शेरे मारतो.”

वहिनी! मी फोन कानापासून लांब धरला. ओंकारचे कान पुन्हा लाल झाले होते.

मग त्यानं वाळूत काठीनं चौकोन काढून सांगितलं. अमेरिकेत शिकताना दोघांना ह्या खेळाचं वेड लागलं. मोठ्या टीमच्या खाली तिच्याच छोट्या टीमा असतात, जशी कसोटीच्या खाली रणजी. तिथं कोवळी पोरं तयार करतात. त्या सगळ्या खालच्या पसाऱ्याला तिकडे ‘फार्म’ म्हणतात. टीमा आपसात खेळाडूंची अदलाबदलही करतात. शैलेश मॅच बघून कळवतो, ओंकार आकडे तपासतो, आणि कुठलं पोरगं पुढे जाईल, कुठलं नाही, हे दोघं मिळून त्या टीमच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर लिहितात. पैसे काही मिळत नाहीत.

“म्हणजे… भाताचा तरवा,” मी म्हटलं. “आधी दाट पेरायचं, मग उपटून दुसरीकडे लावायचं.”

“अगदी! तरवाच.”

“मग लपवलंत कशाला?”

“आईला वाटतं मी सट्टा खेळतो. ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, क्रिकेट संपलं का? म्हणून सांगतच नाही कुणाला.”

मला हसू येत होतं, पण पुरतं येत नव्हतं. काहीतरी अडलं होतं.

“आणि ज्याला ‘काढून टाका’ म्हणून लिहिता… तो कोपरवाला. त्याचं पुढे काय होतं?”

वाळूतला चौकोन ओंकारनं पायानं पुसला.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “खरंच माहीत नाही. आजवर कधी विचारलंच नाही मी.”

त्याच क्षणी माझा संशय गेला. शत्रुघ्नदादाला पाठवणाऱ्या त्या एजंटाकडे आमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. खोली कशी? छान. जेवण? उत्तम. मालक? देवमाणूस. ‘माहीत नाही’ असं तो एकदाही म्हणाला नाही. आणि हा उभा होता, मान खाली घालून, स्वतःवरच वरमलेला.

“शैलेशला सांगतो शोधायला,” तो म्हणाला. “आणि त्याचं कळेपर्यंत कुणाला ‘काढा’ म्हणून लिहिणार नाही.”

अंधार पडायला लागला होता. लांबून ताई हात हलवत होती. कणसं संपली असावीत.

“मी अशीच आहे,” मी म्हटलं. “सतत संशय घेणार. उशीर झाला तरी, लवकर आलात तरी. जन्मभर… म्हणजे, ज्याला कुणाला पत्करायचं असेल त्याला.”

“घे की,” तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. “फक्त मोठ्यानं घे. मनात ठेवू नकोस.”

“घेऊ? आत्ता?”

“घे.”

मी त्याच्याकडे नीट रोखून बघितलं, फिल्म उजेडात धरून बघते तशी. “मला संशय येतोय की माझा नकार तू आईला अजून कळवलेलाच नाहीस.”

त्यानं खळी लपवायचा प्रयत्न केला. लपली नाही.

“नाही कळवला.”

“मग कळवूच नकोस.”