तुरटी विसरलेला दोरा

फिदेलिया माझ्या अंगणात आली ती रस्ता चुकून. तिला पंचांकडे जायचं होतं. मी कढईत लोकर ढवळत होतो.

"शाळेची नवी बाई मीच," ती म्हणाली. "मुलांना आपली झापोटेक बोली शिकवायची आहे. घरोघरी स्पॅनिशच बोलतात हो आता. रंगांपासून सुरुवात करीन म्हणते... उरलेसुरले दोरे आहेत का?"

"उरलेले कशाला? नवे रंगवून देतो की."

"एवढे उदार दिसत नाही तुम्ही."

"नाहीच आहे."

ती हसली. कढईच्या वाफेनं तिच्या केसांवर थेंब जमले होते.

तिचा खेळ सोपा होता. मुलानं रंगाचं नाव झापोटेकमध्ये सांगितलं, की त्या रंगाचा दोरा त्याच्या मनगटाला बांधायचा. दोरे न्यायला ती यायची, भिंतीला टेकून बोलत राहायची. मी म्हणायचो, "पिवळा अजून ओला आहे, उद्या या."

आई आतून ओरडायची, "एलेउतेरिओ, या उन्हात लोकर चार दिवस ओली राहते होय रे?"

दोन महिन्यांनी पंच मुलांची परीक्षा घेणार होते. मुलं झापोटेक बोलली तर शाळा राहणार, नाहीतर बाई परत जाणार. त्या सकाळी आयांनी मुलांना घासूनपुसून आंघोळी घातल्या... आणि लाल दोऱ्यांचा रंग उतरला, पिवळ्यांचाही उतरला. सगळ्या मनगटांवर एकच मळकट रंग.

"बाई, हे लाल की पिवळं?" सरपंच डॉन सेवेरोंनी विचारलं. मुलं गप्प. मीही बघायला आलो होतो. फिदेलियानं माझ्याकडे पाहिलं.

तीन पिढ्यांचा रंगारी मी, आणि रंग पक्का धरावा म्हणून लोकरीला द्यायची तुरटीच विसरलो होतो.

मी घरी पळालो. निवडुंगावरच्या किड्यांची पूड, लिंबं, चुना घेऊन आलो. प्रत्येक तळहातावर चिमूटभर पूड, थेंबभर पाणी. लाल! मुलं झापोटेकमध्ये ओरडली. लिंबू पिळलं, नारिंगी! चुना टाकला, जांभळा! शेवटी डॉन सेवेरोंनीही हात पुढे केला.

शाळा राहिली.

परतताना ती म्हणाली, "रंगारी तुरटी विसरतो?"

"तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होतात—"

"मग?"

"मग काय... विसरलो."

तिनं मनगट पुढे केलं. "आता पक्का रंगवलेला बांधा."

सव्वीस वर्षं तो दोरा तिच्या हातात होता. या फेब्रुवारीत तिच्याबरोबर मातीत गेला. तेव्हाही लालभडक होता.

दर गुरुवारी मी लिंबं घेऊन शाळेत जातो. मुलं ओरडतात, बरं वाटतं. घरी येतो तर भिंत मोकळी.

त्या कच्च्या रंगाच्या लाल दोऱ्याची एक लडी मी ठेवली आहे. संध्याकाळी तिच्यावरून बोट फिरवतो. थोडी लाली बोटाला लागते. मी ती पुसत नाही.