ओसरीपासून सात पावलं

विहीर चुकीच्या जागी होती.

महादेवपुऱ्यातल्या शूटिंगच्या शेडमध्ये शहाजीराजांच्या काळचं बंगळूर उभं होतं. प्लायवूडचं, वरून मातीचा रंग फासलेलं. किल्लेदाराच्या अंगणात अंजली थबकली. तिच्या वडिलांच्या, सूर्यकांतांच्या, कादंबरीत विहीर गावाच्या वेशीबाहेर होती. तिथंच रेणुका या तरुण मुलीचं प्रेत सापडतं.

"विहीर आत कशी?"

"कॅमेऱ्यासाठी, मॅडम," कादंबरीवरच्या मालिकेचा दिग्दर्शक विराज म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी बांधली. सरांचे लेखनिक आप्पाजी, त्यांनीच नारळ फोडला मुहूर्ताला. या कागदावर एवढी सही करा ना. शेवटचं प्रकरण सरांचंच आहे, असं. उद्याच्या शूटिंगला खुनी पकडायचाय."

सूर्यकांत जाऊन अकरा महिने झाले होते. खुनी कोण हे न सांगताच कादंबरी अपुरी राहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या कपाटात शेवटचं प्रकरण सापडलं. अक्षर आप्पाजींचं, पण त्यात नवल नव्हतं. वीस वर्षं बाबा सांगायचे आणि बेळगावकडचे आप्पाजी लिहून घ्यायचे.

तिनं पानं पुन्हा वाचली. भाषा इतकी बाबांची, की मागं कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही. मग ते वाक्य आलं. 'किल्लेदार ओसरीवरून उतरला, आणि सात पावलांत विहिरीशी पोचला.'

अंजली ओसरीवर गेली. उतरली. मोजत चालली.

सात.

"हे तुम्ही कुणाकडून लिहवून घेतलंत?"

विराज चमकला. "मी? पानं मिळाली तेव्हा आमचा स्वतःचा शेवट शूट होऊन पडला होता. सगळा फेकला. माझी झोप उडालीय, मॅडम!"

तिनं सही केली नाही.

बसवनगुडीच्या घरी आप्पाजी बाबांच्या रिकाम्या आरामखुर्चीसमोर बसले होते. मांडीवर पॅड.

"या अक्का. स्वल्प कॉफी करू?"

"आप्पाजी, ओसरीपासून विहीर किती पावलांवर?"

"सात."

"सेटवर सात. बाबांच्या पुस्तकात ती वेशीबाहेर आहे. सेटवरची विहीर बाबा गेल्यावर नऊ महिन्यांनी झाली. त्यांनी ती पाहिली कधी?"

आप्पाजींनी मांडीवरचं पॅड बाजूला ठेवलं.

"विराजला शेवट बनवून घ्यायचा असता, तर त्यानं आधीच दुसरा शूट केला नसता. बाबांचा आवाज एवढा कुणाच्या कानात आहे? तुम्ही नारळ फोडायला गेलात आणि ती विहीर डोळ्यांत बसली. लिहिताना तीच उतरली."

"होय. मीच लिहिलं."

"का?"

"शेवटी शेवटी त्यांना खुनी आठवेना, अक्का. रोज सकाळी मलाच विचारायचे, 'आप्पाजी, पोरीला कुणी मारलं?' पुढं ती गोष्टीतली आहे हेच विसरले. आपलीच मुलगी गेली म्हणून रडायचे. पुण्याहून तुमचा फोन आला की मी सांगायचो, झोपलेत. एकदा दिला कानाला. तुमचा आवाज ऐकला नि घाबरले, गेलेली पोर बोलतेय म्हणून."

अंजलीला तो फोन आठवला. पलीकडे फक्त श्वास होता. ती बराच वेळ "बाबा, बाबा" म्हणत राहिली होती.

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याला स्वतःची गोष्ट आठवली नाही," आप्पाजी म्हणाले. "सही करा. सरांचं नाव राहू दे."

खुर्चीकडे न पाहता तिनं फोन लावला. "विराज, शेवटचं प्रकरण बाबांचं नाही. ते पुस्तक अपुरं ठेवून गेले. लोकांना एवढंच सांगा."

"मॅडम! मग उद्याचं शूटिंग?"

"करा. हाच शेवट करा. चांगलाय. लेखक म्हणून नाव दुसरं द्या."

"कुणाचं?"

तिनं फोनवर हात ठेवला. "आप्पाजी, पूर्ण नाव काय हो तुमचं?"

"माझं कशाला, अक्का? नको."

"वीस वर्षं त्यांनी सांगितलं ते तुम्ही लिहिलंत. आज तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.