चंद्रभानजींची पेन्सिल

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझ्या प्रेमिलामावशीला खोटं बोलायची सवय नाही. संतापायची आहे, आणि या बाबतीत तिचा संताप अजून विझलेला नाही.

१९८७ सालचा मे महिना. दुपारचे अडीच. बाहेर सीताबर्डीवर चिटपाखरू नव्हतं. नागपूरच्या उन्हात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

मावशी एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत होती. कंपनीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, मेमरी सांभाळणारा भाग चंद्रभानजींनी लिहिला होता.

चंद्रभानजी दोन महिन्यांपूर्वी वारले होते.

तिथली एक पद्धत होती. कोड बदलायचा तर छापील कागद घेऊन दोघांनी बसायचं. एकानं ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची. दुसऱ्यानं ऐकायची, आणि चूक आली की पेन्सिल टेबलावर आपटायची.

टक्.

मग खाली दोघांच्या सह्या. चंद्रभानजी साहेबांसमोर तोंड उघडायचे नाहीत. काय बोलायची ती त्यांची लाल पेन्सिल.

त्या दिवशी मनोहरराव साहेब स्वतः 'साफसफाई' घेऊन आले. चंद्रभानजींच्या चाळीस ओळी त्यांनी कापल्या होत्या. एका प्रोग्रामनं वापरलेली मेमरी दुसऱ्याला देण्याआधी पुसून काढणाऱ्या ओळी. चंद्रभानजी म्हणायचे, "उष्ट्या ताटात दुसऱ्याले वाढू नये."

"फुकटचा वेळ खाते ते," साहेब म्हणाले. "उद्या मशीन दवाखान्यात जाऊन राहिली. करा सही, बाई."

मावशीचं डोकंच फिरलं.

"दवाखान्यात? अन् एका पेशंटचं औषध दुसऱ्याच्या नावावर छापून आलं तर? जीव जाईल ना कोणाचा! आधी वाचा. पद्धत आहे ना?"

साहेब दातओठ खात वाचायला लागले.

तेवढ्यात लाइन गेली. एअर कंडिशनरची घरघर बंद पडली. खिडकीच्या उजेडात साहेब वाचत राहिले.

पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर, त्या चाळीस ओळी जिथून कापल्या होत्या, तिथली ओळ आली आणि...

टक्.

साहेब थांबले. "काय झालं?"

"मी कुठं काय केलं?"

मावशीकडे पेन्सिल नव्हतीच. पेन होतं, तेही टोपण लावलेलं. साहेबांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

टक्.

आवाज मावशीच्या शेजारून आला... चंद्रभानजींच्या रिकाम्या खुर्चीसमोरून.

"हात दाखवा! दोन्ही!"

मावशीनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "घ्या. वाचा आता."

टक्.

साहेबांचा सदरा घामानं भिजला. "चंद्रभानले मान्य होतं हे!" ते ओरडले. "जायच्या आधी स्वतः हो म्हणाला होता तो!"

टक्.

मावशीची भीतीपेक्षा चीड मोठी होती. याच ओळींवरून, याच टेबलावर, साहेबांनी चंद्रभानजींना सगळ्यांसमोर नको नको ते सुनावलं होतं. त्यांच्या हातातली पेन्सिल हिसकावून मोडली होती. चौथ्या दिवशी चंद्रभानजी गेले.

"तुम्ही त्यांची पेन्सिल मोडली होती, साहेब."

"मी? मी कधी..."

टक्. टक्. टक्.

साहेब कागद तिथंच टाकून उठले. ती साफसफाई पुन्हा कधी निघाली नाही. मशीन दवाखान्यात गेली, त्या चाळीस ओळींसकट.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

परवा तिच्या सक्करदऱ्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मावशी मला हे सांगत होती. घरात आम्ही दोघंच. साहेबांच्या नावानं तिनं मनसोक्त बोटं मोडली. मी सहज विचारलं, "साहेब त्यांना बोलत होते तेव्हा तू काय केलंस?"

"मी? मी बोलली ना त्यांच्या बाजूनं! तोंडावर सुनावलं साहेबाले..."

टक्.

मावशीनं माझ्या हातांकडे पाहिलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मग ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर अशी किंचाळली, की मी दचकून उभाच राहिलो.

"हो! नाही बोलली मी! नोकरीची भीती होती मले! खाली मान घालून बसली मी!"

आम्ही ऐकत राहिलो... बराच वेळ.

या वेळी टेबल वाजलं नाही.

हे सगळं लिहून मी दोनदा तपासलं. पण मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायची हिंमत अजून झालेली नाही.