डाव्या अंगाच्या चार काचा

एअरफोर्समध्ये तीस वर्षं विमानांच्या कॅनोपी, वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणं, बसवणाऱ्या माणसाला होडीच्या खिडक्या म्हणजे पोरखेळ, असं वॉरंट ऑफिसर गुरुनाथ सान्याचं मत होतं. म्हणूनच मेजर ग्रेवालांनी नुसता विषय काढला आणि यानं काम अंगावर ओढून घेतलं.

होडी जुनी, शिडाची. चौऱ्याहत्तर साली मेजरसाहेबांनी ती मुंबईहून ट्रकवर घालून चंडीगडला आणली, सुखना तलावात दहा-बारा वर्षं फिरवली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर सेक्टर पाचातल्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून दिली. आत वाकून बसण्यापुरती केबिन, आणि तिच्या दोन्ही अंगांना ओळीनं चार-चार चौकोनी खिडक्या. उजवीकडच्या धड होत्या. डावीकडच्या चार उन्हानं पिवळ्या पडून तडकल्या होत्या.

नव्वद सालचा फेब्रुवारी होता. गुरुनाथ ड्यूटी संपली की स्कूटर काढून यायचा आणि रोज एक खिडकी करायचा. जुनी काच उचकटायची, तीच काचेसारख्या प्लॅस्टिकच्या, पर्स्पेक्सच्या नव्या पत्र्यावर ठेवून आखायची, कापायची, चौकटीत सीलंट भरून बसवायची. पेच मात्र त्या दिवशी हलकेच लावायचे. सगळे आवळायचे ते सीलंट सुकल्यावर, शनिवारी.

शनिवार त्यानं मुद्दाम ठेवला होता. शनिवारी नयना पतियाळ्याहून घरी यायची. त्याची एकुलती एक पोर, तिथे कॉलेजात; दुपारची दोनची बस. वर्तमानपत्रं उघडावीत तर कुठे ना कुठे अतिरेक्यांनी बस थांबवून, माणसं उतरवून मारल्याची बातमी. वंदना, त्याची बायको, म्हणायची, "राहू दे तिला हॉस्टेलवर. जीव टांगणीला लागतो माझा." गुरुनाथ तिला आकडे ऐकवायचा. रोज किती बसेस जातात, त्यातली एखादी. भीतीला एकदा घरात घेतलं की ती पाट मांडून बसते; येऊ दे पोरीला. दर आठवड्याला येऊ दे, हा हट्ट त्याचाच होता. आणि त्या दोन तासांत हात रिकामे नकोत, हेही त्यालाच ठाऊक होतं.

बुधवारी तो दुसरी काच बसवायला आला, तेव्हा मंगळवारच्या काचेवर आतून एक डाग होता. वाटीएवढा, तेलकट. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपणाऱ्यांचा पडतो तसा. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. त्यानं वाकून वास घेतला. सरसोंचं, मोहरीचं तेल.

"साहब, अंदर कोई बैठा था क्या?"

"चाबी तो तुम्हारे पास है, साने जी," मेजरसाहेब खुर्चीतूनच म्हणाले.

शेडची किल्ली खरंच त्याच्याच खिशात होती. आपलाच हात लागला असेल, असं ठरवून त्यानं डाग पुसला. पुसायला जुन्या युनिफॉर्मच्या शर्टाचं निळसर फडकं होतं, एक बटण अजून तसंच शिवलेलं. ते त्यानं मुद्दाम ठेवलं होतं, खिशात हात घातला की फडकं चटकन सापडायचं.

गुरुवारी दोन काचांवर दोन डाग. शुक्रवारी तीन. तिसरा जरा खाली होता, बुटक्या माणसाचा असावा तसा, आणि त्यात एक लांब पांढरा केस चिकटला होता. गुरुनाथनं तिन्ही साबणाच्या पाण्यानं धुतले, चौथी काच बसवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. घरी यातलं काही बोलला नाही. बोलण्यासारखं काय होतं?

शनिवारी तो अडीचला आला. उन्हात ऊब नव्हती. केबिनमध्ये शिरला तर पहिल्या तिन्ही काचांवर डाग पुन्हा हजर. त्याला राग आला, खराखुरा राग. आपल्या हातच्या कामाची कुणीतरी चेष्टा करतंय असा. त्यानं फडकं ओलं केलं आणि पहिली काच खसाखसा पुसली. मग दुसरी. मग तिसरी. जरासाही अंश ठेवला नाही.

चौथ्या काचेपाशी हात थांबला.

तिथेही डाग होता, पण पांढरा. थंडीनं गोठलेला.

सरसोंचं तेल गोठत नाही. गोठतं ते खोबरेल. वंदना जास्वंदीची फुलं घालून खोबरेल कढवायची, बाटलीत भरून पतियाळ्याला द्यायची आणि बजावायची, उन्हात ठेवून मग लाव. साऱ्या हॉस्टेलात मुली नयनाला त्या वासावरून चिडवत.

त्यानं वास घेतला.

घड्याळात तीनला दहा कमी होते.

डाग स्थिर नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत तो जरासा पसरला, पुन्हा आकसला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी डोकं हलावं तसा.

गुरुनाथनं फडकं खिशात कोंबलं. हातोडी घेतली आणि मारली. पर्स्पेक्स सहजी फुटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो मारत राहिला. मेजरसाहेब काठी टेकत आले, ओरडले, "ओ साने, पागल हो गए हो?" चौथ्या की पाचव्या घावाला काच फुटली आणि गार वारा आत आला.

नयना साडेसहाला पोलिसांच्या जीपमधून घरी आली. धड होती. केसांत काचेचा चुरा होता. वंदनानं तिला छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

"माझी खिडकी एकदम फुटली, बाबा. दगड नाही, काही नाही. सीटवर सगळा चुरा. कंडक्टरनं मला मागे बसवलं. मग पाच मिनिटांत त्यांनी बस थांबवली." ती केसांतला चुरा वेचत होती. "डाव्या खिडक्यांशी बसलेल्यांना पुढून एकेक करून उतरवत होते. माझ्या पुढच्या तिघांना नेलं. एक म्हातारी आजी होती. माझी सीट रिकामी बघून ते खाली उतरले."

वंदना देवापुढे दिवा लावायला आत गेली.

"बाबा, एक सांगू? माझी काच फुटायच्या जरा आधी..." नयनानं आवाज खाली आणला. "ते तिघं झोपले होते. डोकी काचेला टेकलेली. आणि मधून, डोक्याच्या आणि काचेच्या मधून, एक फडकं फिरत होतं. आधी पहिल्याच्या, मग दुसऱ्याच्या, मग त्या आजीच्या. पुसून टाकत होतं. हात दिसत नव्हता. निळसर होतं फडकं. त्याला एक बटण होतं."

गुरुनाथनं खिशातला हात बाहेर काढला नाही. बोटांना बटण लागत होतं. फडकं अजून ओलंच होतं.