लिदीच्या ढिगावर उगवलेला हरभरा

लिदीच्या ढिगावर हरभऱ्याची हिरवीगार रोपं! आता बोला! तिथे कोण पेरायला गेलं होतं?

केतकी ढेबे बघतच राहिली. एरवी ती पोट धरून हसली असती, पण सध्या तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. माथेरानच्या लाल वाटांवर जन्मभर पाहुण्यांना फिरवलेला त्यांचा म्हातारा घोडा बादशहा दिवसेंदिवस वाळत चालला होता. उद्या त्याला घाटाखालच्या पांजरपोळात (थकलेल्या जनावरांच्या आश्रयघरात) धाडायचं, असं बाबांनी ठरवलं होतं.

"त्याचे हाल बघवत नाहीत गं," बाबा म्हणाले. "चढणीच्या घोड्याला कोरडा, अख्खा हरभरा द्यायचा, हा आपल्या घरचा नेम. मी तर रोज वाढवून देतोय. सगळं खातो, मग जातं कुठे?"

"त्या ढिगावर!" मागून आवाज आला.

तो होता टापू. डोंगरावर गाड्यांना अजूनही बंदीच होती, म्हणून जनावरांच्या दवाखान्याने हा चार पायांचा यंत्रडॉक्टर नेमला होता. केतकीनेच त्याला बोलावलं होतं. कामाला चोख, पण बोलायला महा आगाऊ!

"दाणा उगवला म्हणजे तो चावलाच गेला नव्हता," टापू म्हणाला. त्याने बादशहाच्या तोंडात दिव्याची नळी सरकवली. पाठीवरच्या पडद्यावर दाढा दिसू लागल्या. "घोड्याच्या दाढा वर्षानुवर्षं हळूहळू हिरडीतून बाहेर सरकतात आणि गवत दळताना जात्याच्या दगडासारख्या झिजतात. पण वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. म्हणून कडा झिजायच्या राहतात आणि त्यांना धार येते. ही बघ गालाला जखम! म्हातारपणी तर बाहेर सरकायला दाढच उरत नाही. मग चावणार कसं? आणि नीट चावलं नाही, तर आतड्यातल्या जिवाणूंना (अन्न आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवांना) त्यातलं पोषण काढता येत नाही."

बाबांनी हातातला तोबरा (दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी) खाली ठेवला. "म्हणजे मी त्याला भरल्या तोबऱ्यानिशी उपाशी ठेवलं?"

"मुद्दाम थोडंच ठेवलंत? आता या, डोकं धरा त्याचं."

टापूने गुंगीचं औषध टोचलं आणि कानशीने दाढांच्या धारदार कडा घासून काढल्या. "गुंगी पूर्ण उतरली की कोंडा कोमट पाण्यात भिजवून, पातळसर करून द्या. थोडा थोडा, दिवसातून बऱ्याचदा. गवताचा चुरा भिजवून द्यायचा, तोही हळूहळू वाढवत. एकदम बदल केलात तर पोटशूळ (पोटातली जीवघेणी कळ) उठेल. आणि वर्षातून दोनदा दात दाखवायचे."

संध्याकाळी केतकीने घमेलं पुढे केलं. बादशहाने आधी नुसतं हुंगलं. मग सुर्र सुर्र करत सगळं चाटूनपुसून साफ! केतकीला हसू आवरेना आणि रडूही.

"टापू, त्याच्या दाढा परत येतील?"

"नाही. खोटं कशाला बोलू?"

"मग तो किती जगेल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. पण दाढांवाचून उपाशी मात्र मरणार नाही."

बाबांनी फोन उचलला. "पांजरपोळ का? मी ढेबे, माथेरानहून. घोडा येत नाही हो. त्याचं जेवण चाललंय."