पागेतली बारावी ओळ

साताऱ्यातल्या जुन्या पागेची डागडुजी होऊन तिथं सैनिकांचं विश्रामगृह व्हायचं होतं. साल चौऱ्याहत्तर. पाट्यांचं काम लालासाहेब पेंटरकडं आलं, आणि गडी काही असातसा नव्हता बरं का! घोड्याचं तोंड आणि तलवार हे चिन्ह त्यानंच काढलं, फाटकापासून न्हाणीपर्यंत एकाच वळणाची अक्षरं घातली. राहिली दालनातली हुतात्म्यांची पाटी. दुपारपर्यंत अकरा नावं झाली आणि बाराव्याला हात अडला.

बारावं नाव अर्जुनाचं होतं, त्याच्या धाकट्या भावाचं.

एकाहत्तरच्या लढाईत अर्जुना गेल्याची तार दुकानावर आली, ती यानं आईला दाखवलीच नाही. आईला, रंगुबाईला, अक्षरओळख नव्हती. दर महिन्याला लालासाहेब कोरा कागद हातात धरून वाचायचा, "आई, मी खुशाल आहे, सुट्टी मिळत नाही." ती ऐकून हसायची. आता रविवारी उद्घाटनाला साऱ्या गावापुढं नावं वाचणार, आणि म्हातारी ऐकणार! काय करावं माणसानं?

आपणच सांगावं, असं ठरवून त्यानं दालनाला कुलूप घातलं आणि घर गाठलं. आई घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, "पागेकडं गेली की मगाशीच."

तो धावत परतला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं, तर ताज्या रंगाचा वास... आणि पाटीसमोर आई बसलेली. बारावं नाव लिहून झालं होतं, रंग अजून ओघळत होता.

"आई... तू आत कशी? ह्ये कुणी लिवलं?"

"त्यानंच." तिनं मान वळवली नाही. "म्हणला, दादाच्यानं हुईना, मीच लिवतो."

लालासाहेब तिच्याजवळ खाली बसला. "तुला... ठावं हुतं?"

"तू पत्रं वाचायचास, तवा त्यो दारातच हुबा असायचा रं. मला खुणवायचा, वाचू दे, दादाला तेवढंच बरं वाटतंय..."

त्यानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि दोन-अडीच वर्षांचं रडू एकदम बाहेर पडलं. लय वाईट रडला बिचारा. पाठीवरनं हात फिरत राहिला, थंडगार, ओलसर. हळूहळू हुंदके ओसरले. मग त्याच्या ध्यानात आलं, आईचे दोन्ही तळवे त्याच्या गालांखाली होते, त्याच्याच आसवांनी भिजलेले.

पाठीवरचा हात अजून फिरतच होता.