नववी गाडी

शोरूममध्ये एक गिऱ्हाईक अडकलं होतं. म्हणजे अक्षरशः अडकलं होतं! सगळ्यात छोट्या गाडीत, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना आणि मान छताला टेकलेली. बाहेर यावं तर पाय निघेनात, आतच बसावं तर हसं व्हायचं. आणि हसणारी नेमकी समोरच उभी होती.

"हलू नका," ती म्हणाली. दार उघडून वाकली आणि सीटखालचा दांडा ओढला. खट्कन सीट मागे गेली आणि ती सहा फूट चार इंचांची स्वारी सुटली.

"तुम्ही होतात म्हणून वाचलो."

"नसते तर तुमच्यासकट गाडी विकली असती कुणीतरी."

तो हसला. छान हसला... तिने घाईघाईने नजर हातातल्या माहितीपत्रकाकडे वळवली. गिऱ्हाइकाच्या हसण्यावर भाळायचं नसतं, हे तिला या कामात पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शोरूममध्ये तिला सगळे लवंगी म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण जीभ अशी की भल्याभल्यांची बोलती बंद. तिने त्या उंच माणसाचंही मनातल्या मनात बारसं उरकून टाकलं — झिराफ. झिराफाचं चष्म्याचं दुकान होतं. आठवड्यातून दोनदा तो डोळे तपासायचं यंत्र आणि भिंगांच्या पेट्या घेऊन वृद्धाश्रमांत जायचा. बसमधून, सगळा संसार मांडीवर घेऊन.

पुढच्या शनिवारी तो आला तो थेट सगळ्यात मोठ्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

"ही नको," लवंगी म्हणाली.

"का? हिच्यात मी मावतो."

"मधल्या गाडीतही मावता. मी टेपने मोजून बघितलंय. वरचे पैसे नुसत्या चकचकाटाचे."

"पण मोठी विकली तर तुमचाच फायदा ना?"

"माझा फायदा होईल हो. पण रोज गाडी धुताना तुम्ही मला शिव्या घालाल, आणि ते... मला नाही आवडायचं."

बोलून गेली आणि कानांपर्यंत लाल झाली. तो मधल्या गाडीच्या चाकांकडे फार बारकाईने बघत राहिला. चाकांत बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी ते गाडी चालवून बघायला निघाले. पाऊस भुरभुरत होता. आधी स्टिअरिंगवर लवंगी बसली, अर्थात खाली उशी घेऊन.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचारा."

"या कामात... पैसे बरे मिळतात का हो?"

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "हे आमचे बाबा विचारतात, काका विचारतात, शेजारच्या काकू तर आठवड्यातून दोनदा विचारतात. आता तुम्हीही सुरू करा! पगार म्हणाल तर चहापाण्यापुरता. बाकी सगळं गाड्यांवर. गाड्या गेल्या तर त्या महिन्यात मी राणी, नाही गेल्या तर बाबांपुढे हात. पण जे मिळतं ते टाचा दुखेपर्यंत उभं राहून मिळतं. कुणाच्या ओळखीवर नाही, कुणाला फसवून तर नाहीच नाही."

 मग तिनेच सगळं सांगून टाकलं. काकांनी आपल्या कचेरीत तिच्यासाठी पक्क्या पगाराची जागा धरून ठेवली होती. तिने बाबांशी पैज लावली होती. या महिन्याची कमाई त्या पगाराच्या वर गेली, तर बाबा पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाहीत. नाही गेली, तर तिने मुकाट्याने कचेरी गाठायची. नऊ गाड्या गेल्या की इन्सेन्टिव्ह एकदम चढायचा आणि बाजी मारता यायची. आठ गेल्या होत्या. महिन्याचा एकच आठवडा उरला होता.

"मग नववी माझी," तो म्हणाला.

"गरज असेल तर घ्या. कीव येऊन घेणार असाल तर उतरा इथंच."

"इथं? पावसात?"

"हो!"

"गरज आहे हो... माझ्या गुडघ्यांची शपथ."

तिला हसू आवरेना. तिने उशी काढून मागे टाकली आणि स्टिअरिंग त्याच्या हवाली केलं. चावी देताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ते कळलं नाही असं दाखवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी झिराफ चेकबुक घेऊन हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. फॉर्म भरता भरता त्याचं पेन एका ओळीवर थांबलं. 'विक्रेत्याशी नाते.'

"तिथं 'नाही' लिहा. घरच्या माणसाला विकलेली गाडी आमच्या खात्यात धरत नाहीत, म्हणून विचारतात. सगळे 'नाही'च लिहितात."

"हं..." पेन हलेना. "आज 'नाही' लिहिलं तर खोटं होणार नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे... उद्या मी तुम्हाला काहीतरी विचारणार होतो. मुद्दाम उद्या. आज गाडी होऊन जाऊ दे, तुमची पैज जिंकून होऊ दे, आणि मग—"

लवंगीने फॉर्मकडे पाहिलं. समोर नववी गाडी होती. फक्त एक 'नाही' आणि एक सही. उद्या त्याने काय विचारलं, ते कोण बघायला येणार होतं? पण तिला ठाऊक होतं, जन्मभर ती स्वतःच बघत राहील.

"आजच विचार," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिचं तिलाही कळलं नाही.

"अहो, पण तुमची गाडी—"

"विचार म्हणते ना!"

तो उठून उभा राहिला. मग फारच उंच वाटलं म्हणून परत बसला. "माझ्याशी... लग्न कराल?"

"हो."

तिने फॉर्म उचलला, पलीकडच्या टेबलावरच्या विक्रेत्याकडे नेला आणि म्हणाली, "दादा, हे गिऱ्हाईक तुमचं. मधली गाडी, पांढरी. सीट पार मागे लावून द्या." मग संध्याकाळपर्यंत ती दारात उभी राहिली. दोन माणसं आली. एकाला पत्ता विचारायचा होता, दुसऱ्याला फक्त पाऊस टाळायचा होता.

घरी बाबा वाट बघत होते. पस्तीस वर्षं कचेरीत एका खुर्चीवर काढलेला माणूस, त्यांना आकडे सरळ लागत.

"आठ," ती म्हणाली. "हरले, बाबा. उद्या काकांच्या कचेरीत जाते."

"नववी नाही मिळाली?"

"मिळाली होती. मीच सोडली." आणि तिने फॉर्मपासून 'हो'पर्यंत सगळं सांगितलं. मान खाली घातली नाही. हरल्याचं वाईट वाटत होतं, पण शरम अजिबात वाटत नव्हती.

 बाबा चष्मा पुसत म्हणाले, "'नाही' लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

बाबा उठले. त्यांनी काकांना फोन लावला, आणि आवाज असा चढवला की शेजारच्या काकूंनाही ऐकू जावा.

"अरे, ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाक. आमची लेक गाड्याच विकणार!... काय म्हणतोस? पैसे? मिळतात की! आणि आमच्या लेकीला कुठले घ्यायचे नाहीत, तेही कळतं!"